आंतरजालीय कट्टरीकरण
आंतरजालीय कट्टरीकरण म्हणजे आंतरजालावरील मजकूर, चित्रफिती व संवाद यांच्या प्रभावाने व्यक्ती हिंसेला न्याय्य मानू लागण्याची मानसिक प्रक्रिया होय. टोकाची मते बाळगणारे बहुसंख्य लोक हिंसा करीत नाहीत. म्हणून मत आणि कृती यांत भेद करणे अगत्याचे आहे.

मानसशास्त्रज्ञ फतअली मोगद्दम यांनी २००५ मध्ये या वाटचालीला अरुंद होत जाणाऱ्या जिन्याची उपमा दिली. तळमजल्यावर अन्यायाची भावना असते आणि असंख्य लोक तेथेच थांबतात. वर चढणाऱ्या थोड्यांना मात्र पर्याय कमी कमी दिसू लागतात, ‘आपण’ आणि ‘ते’ ही विभागणी पक्की होते. येथे प्रत्यक्ष दारिद्र्यापेक्षा आपल्यावर अन्याय झाल्याची जाणीव अधिक महत्त्वाची ठरते.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जण मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाच्या २०२० च्या अहवालानुसार हल्लेखोराचा इतरांशी वैयक्तिक संबंध अत्यल्प होता. त्यामुळे आंतरजालावर व पुस्तकांत आढळलेल्या अतिउजव्या साहित्याचा त्याच्यावर प्रभाव पडण्यास मोठा वाव राहिला. यूट्यूबचा उल्लेख सर्वत्र होतो, पुस्तकांचा क्वचितच. वास्तविक, त्याच्या विचारांना हटकणारे जवळचे माणूस नसणे ही बाब या दोहोंइतकीच विचारात घ्यावी लागते.

हल्लेखोराने हे हत्याकांड फेसबुकवरून थेट प्रक्षेपित केले. १४ मे २०२२ रोजी अमेरिकेतील बफेलो येथे दहा कृष्णवर्णीयांची हत्या करणाऱ्या तरुणाने क्राइस्टचर्चच्या हल्लेखोरापासून प्रेरणा घेतल्याचे लिहून ठेवले होते. त्यानेही आपला हल्ला थेट प्रक्षेपित केला.