दोषाला धनी हवा : संगणक-प्रणालीतील चुकांची नोंदवही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत एखाद्या फाउंड्रीला भेट दिली, तर ओतून तयार झालेल्या नगांवर अंक-अक्षरांची एक खूण पाहावयास मिळते. तिला ‘हीट नंबर’ म्हणतात. हा नग कोणत्या दिवशी व भट्टीतील कोणत्या रसातून ओतला गेला, हे त्या खुणेवरून कळते. शेकडो मैलांवर तो नग तडकला, तरी खुणेच्या आधारे दोषाच्या मुळाशी जाता येते आणि त्याच रसातून ओतलेले इतर नग वेळीच बाजूला काढता येतात. कामगाराला शिक्षा करणे हा या खुणेचा हेतू नसून, एकदा झालेली चूक पुन्हा होऊ नये, हा आहे.

संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार करणाऱ्यांनीही अशीच एक पद्धत विकसित केली आहे. सातबाऱ्याचा उतारा, शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन अशी नागरिकांची असंख्य कामे आज संगणकामार्फत होतात. म्हणून या पद्धतीची ओळख केवळ तंत्रज्ञांनाच नव्हे, तर सर्वसामान्य वाचकांनाही असणे अगत्याचे आहे.

‘बग’ म्हणजे काय?

आज्ञावलीतील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याचा प्रघात आहे. यंत्रातील बिघाडासाठी हा शब्द एकोणिसाव्या शतकापासून रूढ होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून त्याखाली नोंद केली. किडा सापडताच तो वहीत नोंदविण्याची ही कृती आजच्या दोषनोंदवहीची पूर्वपीठिकाच मानावी लागेल.

१९९८ साली ‘बगझिला’ ही प्रणाली सर्वांना खुली झाली. मोझिला प्रकल्पातील दोष नोंदविण्यासाठी ती तयार करण्यात आली होती. कोणालाही दोष कळविता यावा आणि त्याचे पुढे काय झाले, हे सर्वांना पाहता यावे, हे तिचे वैशिष्ट्य. फायरफॉक्स हे न्याहाळक मराठीतही उपलब्ध असून, मराठी अनुवादातील दोषांसाठी बगझिलात स्वतंत्र विभाग आहे.

एका नावाचे उदाहरण

समजा, ‘कऱ्हाडकर’ आडनावाच्या विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. पण छापील प्रतीवर ‘कर्हाडकर’ असे उमटले. दाखल्यावरील नावाशी हे नाव जुळेना, म्हणून अर्ज अडकला. यात चूक कोणाची? मुलीची नव्हे आणि टंकन करणाऱ्याचीही नव्हे. मराठीतील हा अर्धा ‘र’ संगणकाच्या युनिकोड संकेतात दोन प्रकारांनी लिहिता येतो : एकात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती दोन निराळी नावे वाटतात. त्यातच एखाद्या आज्ञावलीने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, तर अर्ध्या ‘र’चा रफार होतो.

आता ‘नाव नीट येत नाही’ एवढीच तक्रार नोंदविली, तर तिच्यावरून कोणालाही काही करता येणार नाही. कोणता अर्ज, नेमके काय टंकलिखित केले, काय उमटावयास हवे होते, प्रत्यक्षात काय उमटले, कोणत्या संगणकावर आणि कोणत्या टप्प्यावर हे घडले, असा तपशील दिला म्हणजेच दोष पुन्हा घडवून तपासता येतो. जो दोष पुन्हा घडवून पाहता येत नाही, तो दुरुस्त झाला की नाही, हेही खात्रीने सांगता येत नाही.

एक दोष, एक नाव

नोंदवहीत प्रत्येक दोषाला क्रमांक मिळतो आणि त्यापुढे तीन भूमिका येतात : दोष कळविणारा, तो दुरुस्त करण्याची जबाबदारी असणारा विकासक आणि दुरुस्तीची पडताळणी करणारा. जबाबदार विकासकाच्या रकान्यात एकच नाव असावे, हा संकेत आहे. कारण जे काम सर्वांचे असते, ते अखेर कोणाचेच राहत नाही. सुरुवातीला दोष संबंधित भाग सांभाळणाऱ्याकडे जातो. छपाईत दिसणाऱ्या चुकीचे मूळ साठवणुकीत आढळले, तर कारण नमूद करून तो दुसऱ्याकडे वर्ग केला जातो. नवा, सोपविलेला, दुरुस्त झालेला, पडताळलेला अशा अवस्थांतून नोंद पुढे सरकते. आपल्या कार्यालयांतील आवक-बारनिशीशी परिचित असणाऱ्यांना ही रीत मुळीच परकी वाटणार नाही.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘दोष कोणाकडे सोपविला’ आणि ‘दोष कोणामुळे झाला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विकासकाच्या नावापुढील नोंदी मोजून त्याची गुणवत्ता ठरवू लागल्यास उलटाच परिणाम होतो. सर्वांत अवघड आणि सर्वाधिक वापरातला भाग सांभाळणाऱ्याच्या नावावर साहजिकच अधिक नोंदी येतात. शिक्षेच्या धास्तीने मग दोष कळविणेच टाळले जाते, अथवा ‘माझ्याकडे तर नीट चालते’ असा शेरा मारून नोंद बंद होते. बगझिलात असा एक अधिकृत शेराच उपलब्ध होता! रकान्यातील नाव हे आरोपीचे नव्हे, उत्तर देणाऱ्याचे असते.

नोंद दडपली तर

ब्रिटनमधील टपाल खात्याचे उदाहरण या संदर्भात डोळे उघडणारे आहे. तेथे १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक-प्रणाली बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे अनेक ठिकाणी नसलेली तूट दिसू लागली. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उप-टपालचालकांवर अफरातफर, खोटे हिशेब यांसारखे गुन्हे शाबीत ठरविण्यात आले. कित्येकांना तुरुंगवास भोगावा लागला, कित्येकांचे संसार मोडले. प्रणाली पुरविणाऱ्या कंपनीकडे ज्ञात दोषांची नोंद होती. पण खिडकीवर बसलेल्या माणसापर्यंत ती पोहोचली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेने खास कायदा करून इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधील अशा शिक्षा रद्द ठरविल्या. दोषाला धनी नसला, की त्याचा भार साखळीतील सर्वांत दुबळ्या माणसावर पडतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये हेच तत्त्व वेगळ्या स्वरूपात आढळते. अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, विहित कालमर्यादा आणि अपिलाची व्यवस्था त्यात ठरवून देण्यात आली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात भरणाऱ्या लोकशाही दिनाचीही भूमिका हीच आहे.

नागरिकांचा सहभाग

या व्यवस्थेत नागरिकांचाही वाटा आहे. संगणकावर काही चुकीचे उमटल्यास केंद्रावरील कर्मचाऱ्याला बोल लावण्याऐवजी चुकीची छापील प्रत जपून ठेवावी, दिनांक व वेळ टिपून घ्यावी, तक्रार लेखी स्वरूपात नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा आणि दुरुस्ती झाल्यावर स्वतः खात्री करून घ्यावी. फाउंड्रीतील नगावर उमटलेली छोटीशी खूण जशी पुढचा अपघात टाळते, तशीच नीट केलेली एक नोंद आपल्यामागून रांगेत उभ्या असलेल्या अनेकांची अडचण दूर करू शकते.