ख्रिस्ती विवाह, घटस्फोट आणि बदलते कुटुंब : शिक्षक-पालकांनी समजून घ्यावे असे काही



परिसर अभ्यासात कुटुंबाचा पाठ घेताना मुलांना आपापल्या घरातल्या माणसांची चित्रे काढायला सांगितली होती. एका मुलीने दोन घरे काढली. एका घरात ती, आई आणि आजी. दुसऱ्या घरात एकटे पप्पा. शेजारचा मुलगा सहज म्हणाला, "तुम्ही तर चर्चला जाता ना? तुमच्यात सोडचिठ्ठी चालत नाही, माझी मम्मी म्हणते." ती मुलगी काहीच बोलली नाही. तिने दुसरे घर खोडरबरने पुसून टाकले.

मुलाचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याने घरात ऐकलेले सांगितले. पण खरे काय आहे, ते मलाही नीट सांगता आले नाही. मग त्या विषयावर वाचत गेले, आमच्या भागातल्या जाणकारांशी बोलले. त्यातून जे समजले ते सोप्या भाषेत इथे मांडते आहे.

१) आपल्या जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे नवीन नाहीत. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. शाळा, दवाखाने आणि मुलींचे शिक्षण यांत या समाजाचा मोठा वाटा आहे. नगर, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासा या भागांत गावोगावी लहानमोठ्या मंडळ्या आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला तर सप्टेंबरमध्ये सगळ्या धर्मांची माणसे जातात.

पण 'ख्रिस्ती' म्हटले की सगळे एकाच नियमाने चालतात असे नाही. जिल्ह्यात मुख्यतः दोन परंपरा आहेत. एक कॅथलिक, म्हणजे जिथे फादर असतात. दुसरी प्रोटेस्टंट, म्हणजे जिथे पाळकसाहेब असतात. मिशनच्या जुन्या मंडळ्या आता बहुतेक चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आहेत. हे चर्च १९७० मध्ये नागपूरला अनेक चर्चेस एकत्र येऊन स्थापन झाले. घटस्फोटाबाबत या दोन परंपरांचे म्हणणे वेगवेगळे आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

२) बायबल काय सांगते?

देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, ही येशूची शिकवण सगळ्यांना माहीत असते. पण ती कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आली, हे फारसे कोणी सांगत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात परूशी लोक येशूला विचारतात की, नवऱ्याने कोणत्याही कारणावरून बायकोला टाकले तर ते योग्य आहे का? त्या काळच्या यहुदी समाजात सूटपत्र लिहून देण्याचा हक्क पुरुषाकडे होता. काही धर्मशिक्षक तर अगदी किरकोळ कारणही पुरेसे मानत. बाईच्या हातात कागद ठेवला की ती रस्त्यावर. अशा वेळी येशू सांगतो की, पती-पत्नी एक देह आहेत. मोशेने सूटपत्राची मोकळीक दिली ती तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे.

म्हणजे ही शिकवण पहिल्यांदा आली ती टाकून दिल्या जाणाऱ्या बाईच्या बाजूने. मार खाणाऱ्या बाईने तिथेच राहावे यासाठी ती आलेली नाही. हा फरक मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटला.

मत्तयाने व्यभिचाराचा अपवाद नोंदवला आहे. मार्कच्या शुभवर्तमानात तो अपवाद नाही. पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात म्हणतो की, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून जात असेल तर जाऊ द्यावे, मागे राहिलेला बांधलेला नाही. बायबलमध्येच असे वेगवेगळे प्रसंग आहेत, म्हणून चर्चेसचे नियमही वेगवेगळे झाले.

३) कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मत

कॅथलिक चर्चमध्ये विवाह हा सात संस्कारांपैकी एक आहे. योग्य रीतीने झालेला आणि नांदलेला विवाह जोडीदार जिवंत असेपर्यंत टिकतो, असे चर्च मानते. म्हणून तिथे 'घटस्फोट' नाही. पण विवाह मुळातच वैध झाला नव्हता, असे चर्चचे न्यायमंडळ चौकशीनंतर जाहीर करू शकते. उदाहरणार्थ, बळजबरीने लग्न लावले किंवा मोठी गोष्ट लपवून फसवले. पूर्वी यासाठी दोन न्यायमंडळांचा सारखाच निकाल लागे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही अट काढून प्रक्रिया सोपी केली.

इथे पालकांना एक भीती असते. विवाह रद्द ठरला तर मुले अनौरस ठरतात का? नाही. चांगल्या भावनेने, विवाह वैध आहे असे समजून झालेल्या लग्नातली मुले चर्चच्या कायद्यानेही औरसच राहतात.

आणखी एक गैरसमज असा की, कोर्टातून घटस्फोट झालेली कॅथलिक व्यक्ती चर्चबाहेर जाते. तसे नाही. तिने दुसरे लग्न केले नसेल तर केवळ घटस्फोट झाला म्हणून तिला ख्रिस्तप्रसाद नाकारला जात नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्या विवाहाला पवित्र करार मानतात, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्यासारखा संस्कार मानत नाहीत. व्यभिचार, कायमचे सोडून जाणे अशा कारणांसाठी बऱ्याच मंडळ्या घटस्फोट मान्य करतात. दुसरे लग्न चर्चमध्ये लागेल की नाही, हे त्या त्या मंडळीच्या नियमांवर ठरते.

४) चर्चचा निर्णय वेगळा, कोर्टाचा वेगळा

हा मुद्दा सगळ्यात जास्त गोंधळाचा आहे. आपल्या देशात ख्रिस्ती लग्ने १८७२ च्या कायद्याने लागतात. आधी नोटीस द्यावी लागते, दोन साक्षीदार लागतात, नोंदवहीत सह्या होतात. घटस्फोटासाठी १८६९ चा वेगळा कायदा आहे.

हा १८६९ चा कायदा १३० वर्षांहून अधिक काळ बाईला फार जड गेला. नवऱ्याला घटस्फोट हवा तर बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचारासोबत छळ किंवा सोडून जाणे असे आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. नुसता छळ पुरेसा नव्हता! वर जिल्हा न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागायचे. गरीब घरातली बाई एवढ्या फेऱ्या कशी मारणार?

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये यातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. पुढे २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता पती आणि पत्नी दोघांसाठी कारणे सारखी आहेत. नुसता छळ हेही कारण चालते. उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाची अट गेली. दरम्यानच्या पोटगीवर नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची जी मर्यादा होती तीही गेली. परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय प्रथमच झाली.

म्हणजे "ख्रिश्चनांत सोडचिठ्ठी नाही" हे कायद्याने खरे नाही. आणि उलटही लक्षात ठेवा. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्द केला म्हणून कायद्याने तो संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये हे स्पष्ट केले आहे. कोर्टाचा हुकूम नसताना दुसरे लग्न केले तर गुन्हा होऊ शकतो.

घरात मारहाण होत असेल तर घटस्फोटापर्यंत थांबायचीही गरज नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे.

५) नगरच्या मातीतले एक उदाहरण

विवाह टिकवणे म्हणजे काय, यासाठी मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते मान्य नव्हते. लहान मुलाला घेऊन त्या माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या.

त्या वेळी १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतर केले म्हणून जोडीदार नांदत नसेल, तर धर्मांतर करणाऱ्याला कोर्टातून मोकळे होऊन दुसरे लग्न करता येत होते. टिळकांनी तो मार्ग घेतला नाही आणि बायकोवर धर्मही लादला नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला परत आल्या. आल्या त्या आपले सोवळे, आपली वेगळी चूल घेऊन. पुढे स्वतः विचार करून, आपल्या मनाने त्या ख्रिस्ती झाल्या. हे सगळे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. नवऱ्याच्या तापट स्वभावासकट!

यातून मी एवढेच घेते की, हे लग्न टिकले ते बळजबरीने नाही. दोघांनी एकमेकांना वेळ दिला, दोन चुली चालवून घेतल्या. जिथे अशी मोकळीक आहे तिथे "तोडू नका" या सांगण्याला अर्थ आहे. जिथे जिवाला धोका आहे तिथे तेच सांगणे क्रूर होते.

६) कुटुंब बदलते आहे

आता मुले पुणे, चाकण, मुंबईकडे नोकरीला जातात. मुली नर्सिंग करतात, शिक्षिका होतात, स्वतःच्या पगारावर घर चालवतात. आंतरधर्मीय लग्ने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने होतात. पूर्वी भांडण झाले की दोन्हीकडची वडीलधारी माणसे आणि पाळक किंवा फादर एकत्र बसायचे. आता नवरा-बायको शहरात एका खोलीत एकटे असतात आणि भांडण मोबाइलवरून गावाला कळते.

चर्चेसही बदलत आहेत. लग्नाआधी वधू-वरांचे मार्गदर्शन वर्ग होतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या पत्रात मोडलेल्या कुटुंबांना दूर न लोटता सोबत करण्यावर भर दिला. प्रत्यक्ष गावात मात्र अजून वेगळी राहणारी बाई उपासनेला मागच्या रांगेत बसते, हे मी पाहिले आहे. नियम बदलतात, माणसांच्या नजरा बदलायला वेळ लागतो.

७) शाळेत आपण काय करू शकतो?

• कुटुंबाचा पाठ घेताना "आई-बाबांचे चित्र काढा" असे न म्हणता "घरात तुमच्यावर माया करणारी माणसे काढा" असे म्हणावे.

• १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत आईचे नाव लावण्याचा शासन निर्णय आहे. नाव विचारताना सगळ्या वर्गासमोर "वडील कुठे असतात?" असे विचारू नये.

• पालकसभेला आई, आजी, मामा, जे येईल त्यांना त्याच मानाने बसवावे.

• एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. गरजू आईला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाची वाट दाखवावी.

• मूल भेदरलेले दिसले, अंगावर वळ दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. आईसाठी १८१ आहे.

• आणि पालकांना विनंती. दुसऱ्याच्या घराबद्दल, दुसऱ्याच्या धर्माबद्दल आपण जे सहज बोलतो, ते दुसऱ्या दिवशी वर्गात येते.

पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मुलांना आईबापांची आज्ञा पाळायला सांगितले आहे, आणि लगेच बापांना बजावले आहे की मुलांना चिडीला आणू नका. नवरा-बायकोचे पटो न पटो, आईबाप म्हणून ते मोकळे होत नाहीत, असाच मी याचा अर्थ घेते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला नवा कागद दिला. वर्गाला सांगितले, "काही मुलांना दोन घरे असतात, ती दोन्ही काढायची." तिने दोन घरे काढली आणि मधोमध एक रस्ता काढला. शेजारच्या मुलाने त्या रस्त्यावर तिला एक सायकल काढून दिली.

आपले अनुभव जरूर कळवा.