ढेकूण आणि आपली अंथरुणे

पंचतंत्रात एका राजाच्या शय्येची गोष्ट आहे. त्या शय्येच्या शुभ्र वस्त्रांत मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने कालक्रमणा करीत असे; राजा गाढ झोपी गेल्यावरच ती हळूच त्याचे रक्त पिई. एके दिवशी अग्निमुख नावाचा ढेकूण तिचा पाहुणा म्हणून आला. त्यास धीर कोठला? राजाचा डोळा लागण्यापूर्वीच त्याने असा कडकडून दंश केला की, राजा ताडकन उठून बसला. सेवकांनी शोध मांडला, तेव्हा ढेकूण खाटेच्या सांध्यात शिरून निसटला आणि वस्त्रात बसलेली ऊ मात्र सापडून मारली गेली.

दुसरी कथा ‘योहानाची कृत्ये’ या जुन्या ग्रंथातील आहे. पवित्र शास्त्रात या ग्रंथाचा समावेश नाही आणि मंडळीने तो प्रमाण मानलेला नाही. तथापि कथा मौजेची आहे. प्रेषित योहान सोबत्यांसह इफिसास जात असता एका ओसाड धर्मशाळेत उतरला. तेथे खाट एकच होती, ती सोबत्यांनी त्यास दिली व आपण भुईवर निजले. ढेकणांनी त्यास झोप येऊ देईना. तेव्हा, आजची रात्र तुम्ही शहाण्यासारखे वागून दूर राहा, अशी त्याने ढेकणांस आज्ञा केली. सोबती हसले, पण सकाळी पाहतात तो दाराजवळ ढेकणांचा थवा निमूटपणे थांबलेला! योहानाने परवानगी देताच ते खाटेच्या पायांवरून चढून सांध्यांत शिरले.

या दोन्ही कथाकारांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, परंतु ढेकणाचा पत्ता दोघांनीही एकच दिला आहे: खाटेचा सांधा. आपण मात्र चादर झटकतो, उशी उन्हात टाकतो आणि काम झाले असे समजतो.

ढेकूण हा पंखहीन कीटक होय. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ मिलिमीटर लांब, तांबूस तपकिरी आणि इतका चपटा असतो की, पोस्टकार्डाची कड जेथे शिरेल तेथे तोही शिरतो. शास्त्रज्ञ त्यास सायमेक्स म्हणतात. थंड देशांत सायमेक्स लेक्ट्युलॅरियस आणि आपल्यासारख्या उष्ण देशांत बहुधा सायमेक्स हेमिप्टेरस ही जात आढळते. मादी फटींतून पांढरी, सुमारे १ मिलिमीटर लांबीची अंडी चिकटवून ठेवते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पिल्लू बाहेर येते. ते पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कातीपूर्वी त्यास एकदा तरी रक्त प्यावेच लागते. पाणी, उष्टेखरकटे, केरकचरा यांपैकी कशावरही तो जगत नाही. म्हणूनच ढेकूण घाणीतून उत्पन्न होतात हा समज सर्वस्वी खोटा आहे. जेथे माणूस निजतो आणि जेथे फट आहे तेथे तो राहू शकतो, मग ते घर लखपतीचे असो की हमालाचे. अडगळ असल्यास त्यास लपावयास अधिक जागा मिळते, इतकेच.

रात्री आपल्या श्वासातील कार्बन डायॉक्साइड वायू व अंगाची ऊब यांच्या अनुरोधाने तो आपल्यापर्यंत येतो. सोंडेतून तो आपली लाळ त्वचेत सोडतो. तिच्या योगे रक्त गोठत नाही. पाच-दहा मिनिटांत पोट भरले की तो परत फटीत जातो. गांधी उठतात त्या या लाळेमुळे. कित्येकांस त्या दुसऱ्या दिवशी किंवा त्याहूनही उशिरा उठतात आणि कित्येकांस मुळीच उठत नाहीत. सबब, एकाच बाजेवर निजणाऱ्या दोघा भावांपैकी एकाचे अंग गांधींनी भरले व दुसरा निवांत असला, तर पहिल्यास कांगावखोर ठरवू नये.

ढेकणाच्या दंशाने माणसास एखादा रोग जडतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. अंथरुणातील इतर मंडळींविषयी असे म्हणता येत नाही. कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ टायफस ज्वराचा प्रसार करते, हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली ट्यूनिस येथे दाखविले. उंदरावरची पिसू प्लेग पसरविते, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. त्या वेळी मुंबई-पुण्यात प्लेगने हाहाकार उडालेला होता. गादीच्या धुळीत डोळ्यांस न दिसणारे किडेही असतात. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेने पुष्कळांस दमा उसळतो. ढेकूण या सर्वांत सौम्य खरा. परंतु मोडलेली झोप हेही नुकसानच आहे, आणि वर्गात पेंगणाऱ्या मुलाच्या आळसाचे मूळ कधीकधी त्याच्या खाटेत असते.

ढेकणांचा नायनाट झाला, असे एकदा जगास वाटले होते. स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ साली डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण शोधून काढला व १९४८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ साली, हवाई बेटांतील पर्ल हार्बरच्या बराकींत डी. डी. टी. स दाद न देणारे ढेकूण आढळले होते! जे मेले ते मेले; जे तगले त्यांचीच प्रजा वाढली. पुढे आलेल्या पायरेथ्रॉइड औषधांचीही अनेक ठिकाणी तीच गत झाली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्क, लंडन, सिडनी या संपन्न शहरांतील हॉटेलांत ढेकूण पुन्हा शिरले आणि २०२३ साली पॅरिसमध्ये त्यांच्यामुळे केवढी खळबळ उडाली! सामानातून त्यांचा प्रवास फुकट होतो.

बाल्कन प्रदेशात लोक रात्री खाटेभोवती घेवड्याची पाने पसरीत आणि सकाळी त्यांत अडकलेल्या ढेकणांसह ती जाळून टाकीत. पानांवरील आकडीदार लव ढेकणाच्या पायांत अक्षरशः रुतते, हे २०१३ साली अमेरिकन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाने दाखविले. परंतु तशी कृत्रिम लव बनविण्याचा त्यांचा यत्न पानांइतका साधला नाही. उलट, ढेकणाच्या संगतीने हिरा भंगतो हा आपल्याकडील जुना समज मात्र दृष्टान्तापुरताच खरा.

आता उपाय. ढेकूण उष्णतेस फार भितो. सुमारे ५० अंश सेंटिग्रेड उष्णतेत तो व त्याची अंडी दोन्ही मरतात. म्हणून चादरी व अभ्रे कढत पाण्यात धुवावे आणि बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. हे काम मोठ्या माणसांनी करावे, मुलांनी नव्हे. जाड गादी नुसती उन्हात टाकल्याने फारसे साधत नाही, कारण ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतात व आतील कापूस तापतच नाही. गोधडी, वाकळ यांसारखी पातळ अंथरुणे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कडक उन्हात ठेवणे अधिक बरे. खाट भिंतीपासून दूर ओढावी व तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे. मात्र पाणी रोज बदलावे, नाहीतर ढेकणांऐवजी डास पाळल्यासारखे होईल. रॉकेल फासण्याची चाल सोडावी, कारण त्याने घरे पेटतात.

एका गोष्टीविषयी मात्र पालकांस कळकळीची विनंती आहे. धान्याच्या कोठारात घालावयाच्या विषारी गोळ्या कित्येक लोक ढेकणांसाठी घरात ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो आणि त्यावर उतारा नाही. अशा रीतीने आपल्या देशात निजलेली माणसे, लेकरेसुद्धा, मेली आहेत. अशी गोळी कोणी कितीही स्वस्तात दिली तरी ती घरात आणू नये.

वसतिगृहातील ज्या मुलाच्या खाटेत प्रथम ढेकूण सापडतो, त्यास सोबती नावे ठेवतात. मग पुढचा मुलगा लाजेने गप्प राहतो आणि तोवर सारी खोली भरते. खरे पाहता ज्याने प्रथम सांगितले त्याने साऱ्यांवर उपकार केले. सुटीवरून किंवा लॉजमधून परत आल्यावर ट्रंक खाटेवर न ठेवता अंगणातच उघडावी. परगावी निजण्यापूर्वी गादीची शिवण व पलंगाचा माथा दिव्याने पाहावा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, कोंड्यासारख्या काती किंवा कुजकट वास आढळल्यास खोली बदलून मागावी.

उकळत्या पाण्यातून एखादे अंडे सुटतेच. याकरिता आठ-दहा दिवसांनी सर्व सांधे पुन्हा धुवावे, त्यानंतर आणखी एकदा. आणि पुढे दोन महिनेपर्यंत आठवड्यातून एक दिवस बाज उलटी करून पाहावी.