जुना मॉनिटर, नवा संगणक आणि मधला दुभाषी



गेल्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास आमच्या संगणक कक्षात आठ नवे संगणक आले. मॉनिटर मात्र त्यांच्यासोबत नव्हते. तेवढा पैसा जमला नव्हता, आणि जुने आठ मॉनिटर सुस्थितीत होते. जुनी पेटी उचलावी, तिच्या जागी नवी ठेवावी, तार जोडावी, संपले काम, अशी आमची समजूत. परंतु मॉनिटरच्या तारेचे निळे टोक हाती घेऊन आम्ही नव्या पेटीच्या पाठीमागे वाकलो, तो ते बसावयास तेथे जागाच नव्हती! मॉनिटर भंगारात द्यावेत व नव्यांसाठी पैसे जमेपर्यंत कक्ष बंद ठेवावा, अशी सूचना तत्काळ पुढे आली. म्हणजे दहावीच्या मुलांचे ते वर्ष संगणकावाचून जावयाचे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर; विजेशी आमचा संबंध दिव्याचे बटण दाबण्यापुरता. तथापि कक्षाची किल्ली आमच्याकडे असल्यामुळे या प्रश्नात शिरणे आम्हांस भाग पडले. त्यातून जे उमगले ते येथे सांगतो, कारण हीच अडचण आज कित्येक घरांतही आहे.

ते निळे टोक व्हीजीए या पद्धतीचे. आयबीएम कंपनीने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर ही पद्धत आणली. तीत तीन ओळींत मिळून पंधरा पिनांची जागा असते. (पुष्कळ तारांत मधल्या ओळीतील एक पिन मुळातच नसते, ती मोडली असे समजून कोणी घाबरू नये. आम्ही घाबरलो होतो.) पुढे १९९९ साली डीव्हीआय, २००२ साली एचडीएमआय आणि २००६ साली डिस्प्लेपोर्ट अशा नव्या पद्धती निघाल्या. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी व इतर काही कंपन्यांनी २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप देण्याचे जाहीर केले. म्हणून अनेक नव्या पेट्यांच्या पाठीवर आता ती जागा नसते. आमच्या पेट्यांवर केवळ एचडीएमआय होते.

आम्ही शहरातील एका दुकानातून अडॅप्टर आणला. एका अंगास व्हीजीए, दुसऱ्या अंगास एचडीएमआय. मॉनिटरच्या मागे तो घट्ट बसला. एचडीएमआयची तारही त्यात नीट शिरली. पडदा मात्र काळाच. शेजारी उभा असलेला नववीतील एक मुलगा म्हणाला, "सर, बसलें, पूण कांयच दिसना!" साऱ्या प्रकरणाचे मर्म त्याच्या या एका वाक्यात होते. टोक बसणे निराळे आणि बोलणे समजणे निराळे.

आमची मातृभाषा कोकणी, शाळेची भाषा मराठी. म्हणून हा भेद आम्हांस आमच्या परीने कळला. गोव्यात कोकणी देवनागरीत लिहितात, रोमी लिपीतही लिहितात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ती कानडी लिपीत लिहितात. रोमी लिपीतील कोकणी वाक्य देवनागरीत उतरविताना भाषांतर करावे लागत नाही. अक्षरे बदलली की झाले. पण तेच वाक्य कोकणी मुळीच न समजणाऱ्यास सांगावयाचे असेल, तर दुभाषी हवा. अडॅप्टरांचेही असेच दोन वर्ग आहेत. एचडीएमआय व अंकीय डीव्हीआय यांची चित्रभाषा एकच, लिपी तेवढी वेगळी. त्यांच्यामध्ये तारा जुळवून देणारे साधे टोक पुरते. एचडीएमआय व व्हीजीए यांची भाषाच भिन्न.

ती कशी भिन्न, हे पाहण्याजोगे आहे. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग किती, हे सांगावे लागते. एचडीएमआय ते अंकांनी सांगते. सामान्यतः प्रत्येक रंगाला ० पासून २५५ पर्यंतचा एक अंक असतो. व्हीजीए अंक बोलत नाही. तिच्या तीन तारांत विजेचा दाब ० ते ०.७ व्होल्ट यांच्या दरम्यान सलग चढत-उतरत असतो; दाब जितका अधिक तितका तो रंग उजळ. शिवाय ओळ कोठे संपली व चित्र कोठे संपले, याची खूण देणाऱ्या आणखी दोन तारा असतात. तेव्हा मधल्या अडॅप्टराने प्रत्येक अंक वाचून त्याजोगा दाब निर्माण करावयाचा. आमच्या मॉनिटरच्या पडद्यावर आडवे १२८० व उभे १०२४ ठिपके आहेत आणि चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटले जाते. गुणाकार करून पाहा: सेकंदाला सुमारे ७ कोटी ८६ लक्ष ठिपके, आणि प्रत्येकाचे तीन रंग! हे काम तारेच्या तुकड्याने होणार नाही. त्यासाठी अडॅप्टरच्या पोटात रूपांतर करणारी चिप असावी लागते.

दुभाष्यालाही दोन गोष्टी लागतात. पहिली, दिशा. आम्ही आणलेला अडॅप्टर व्हीजीएचे एचडीएमआय करणारा होता. आम्हांस हवे होते त्याच्या उलट. दिसावयास दोन्ही भावंडे. म्हणून विकत घेताना 'संगणकाकडून एचडीएमआय निघते, मॉनिटरला व्हीजीए हवे' असे दिशेसह सांगावे. दुसरी गोष्ट, अन्न. चिपला वीज लागते. एचडीएमआयच्या जागेतून ५ व्होल्टची थोडी वीज मिळते. किमान ५५ मिलिअँपिअर मिळालीच पाहिजे असा नियम आहे. काही अडॅप्टरांचे तेवढ्यावर भागत नाही. चित्र येते, लुकलुकते आणि जाते. अशा अडॅप्टरांच्या कुशीस यूएसबीचे छिद्र असते, त्यातून वेगळी वीज द्यावी. आमच्या दोन मॉनिटरांचा रोग याच उपायाने बरा झाला.

एका मॉनिटरवर मात्र चित्राऐवजी मर्यादेबाहेरचा संकेत आल्याची सूचना झळकू लागली. मॉनिटर आपल्याला कोणते आकार झेपतात हे त्याच तारेतील दोन पिनांवाटे संगणकाला कळवीत असतो. तार सदोष असली की हा निरोप पोहोचत नाही आणि संगणक अंदाजाने भलतेच काही पाठवितो. तार बदलताच काम झाले. चित्र एका बाजूस सरकले वा अक्षरे अस्पष्ट दिसली, तर मॉनिटरवरील 'ऑटो' हे बटण एकदा दाबून पाहावे. व्हीजीएवाटे आवाज जात नाही. ध्वनिक्षेपक निराळा जोडावा. आणि नक्कल होऊ नये म्हणून कुलूपबंद केलेले काही चित्रपट या मार्गाने दिसत नाहीत, त्यात अडॅप्टरचा दोष नाही.

लॅपटॉपचे चपटे यूएसबी-सी छिद्र, जे २०१४ नंतर प्रचारात आले, ते सर्वच यंत्रांत चित्र पाठवीत नाही. यंत्राची माहितीपुस्तिका पाहिल्यावाचून त्यासाठी अडॅप्टर घेऊ नये.

सर्वांत आधी जे करावयास हवे होते, ते आम्ही सर्वांत शेवटी केले. मॉनिटर पालथे घालून त्यांची पाठ पुसली. तिघांच्या पाठीवर निळ्या जागेच्या शेजारी धुळीखाली पांढरी डीव्हीआयची जागा निघाली! त्या तिघांना दुभाष्याची गरजच नव्हती. साधी एचडीएमआय-डीव्हीआय तार पुरली. चित्रही अधिक स्वच्छ आले. कारण हे सपाट मॉनिटर आतून अंकांचीच भाषा समजतात. व्हीजीएने जोडल्यास अंकांचा दाब होतो आणि मॉनिटरच्या पोटात दाबाचे पुन्हा अंक. कोकणीचे मराठी करून त्या मराठीचे पुन्हा कोकणी करावे, तसा हा प्रकार. मध्ये थोडे हरवणारच.

तिसऱ्या आठवड्यात आठही पडदे उजळले. भंगाराची सूचना मागे पडली. चुकून आणलेला अडॅप्टर दुकानदाराने परत घेतला नाही. तो कपाटात पडून होता. पुढे स्नेहसंमेलनाच्या वेळी सभागृहातील नव्या दूरदर्शन संचास कार्यालयातील जुना संगणक जोडावयाचा होता. संगणकाला केवळ व्हीजीए, संचाला केवळ एचडीएमआय. त्याच नववीतल्या मुलाने कपाट उघडून तो आणून दिला.