पापाकुरा ते ऑकलंड : एका रेल्वेमार्गावरची कलादालने

पापाकुरा हे न्यूझीलंडमधील ऑकलंड महानगराच्या दक्षिणेकडचे उपनगर. शहराच्या मध्यभागापासून ते सुमारे तीस किलोमीटर दूर आहे. १९७५ मध्ये त्याला स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये ते ऑकलंडच्या एकत्रित महापालिकेत सामील झाले. मुंबईत काळा घोडा परिसरात जहांगीर कलादालन आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एकाच फेरीत पायी पाहता येतात. ऑकलंडची कलास्थाने मात्र उपनगरांपर्यंत पसरलेली आहेत. त्यामुळे पापाकुराहून जाणारी लोकल हा ती पाहण्याचा सोयीचा मार्ग ठरतो.

सुरुवात पापाकुरातच करता येते. पापाकुरा आर्ट गॅलरी हे छोटे सार्वजनिक दालन असून तेथे समकालीन कलावंतांची प्रदर्शने बदलत राहतात. जवळच सर एडमंड हिलरी यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. एव्हरेस्टवीर हिलरी १९८५ ते १९८९ या काळात भारतात न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते. पापाकुरा म्युझियममध्ये या परिसराचा इतिहास आणि येथील लष्करी छावणीची परंपरा मांडलेली आहे. अशा लहान संस्थांचे मोल मोठे असते. स्थानिक कलावंताला पहिली भिंत आणि शाळकरी मुलाला पहिले चित्रप्रदर्शन बहुधा येथेच मिळते.

शहराच्या मध्यभागी ऑकलंड आर्ट गॅलरी आहे. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या भाषेत तिचे नाव तोई ओ तामाकी. ती १८८८ मध्ये सुरू झाली. जुन्या इमारतीला नवी जोड देऊन २०११ मध्ये ती पुन्हा खुली झाली आणि २०१३ मध्ये या वास्तूला जागतिक वास्तुकला महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. प्रवेशद्वारावरची कौरी लाकडाची उंच छते शेजारच्या आल्बर्ट पार्कमधील झाडांशी नाते सांगतात.

या दालनाचा मानबिंदू म्हणजे माओरी स्त्रीपुरुषांची व्यक्तिचित्रे. बोहेमियात जन्मलेले गॉटफ्रीड लिंडाउअर १८७४ मध्ये न्यूझीलंडला आले. चेहऱ्यावरचे मोको, म्हणजे वंश आणि प्रतिष्ठा सांगणारे गोंदण, त्यांनी बारकाईने रंगवले. तंबाखूचे व्यापारी हेन्री पार्ट्रिज यांनी त्यांच्याकडून करवून घेतलेली ६२ चित्रे १९१५ मध्ये शहराला दिली. त्यासाठी त्यांची अट एकच होती : युद्धग्रस्त बेल्जियमच्या मदतीसाठी ऑकलंडकरांनी दहा हजार पौंड जमवावेत. माओरी कुटुंबांसाठी ही चित्रे म्हणजे त्यांचे पूर्वजच आहेत. माओरी कलावंत आता स्वतःची कथा स्वतः सांगतात, हे २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘तोई तू तोई ओरा’ प्रदर्शनाने दाखवून दिले. त्यात शंभराहून अधिक समकालीन माओरी कलावंतांचा सहभाग होता.

दुसरे अनिवार्य ठिकाण म्हणजे ऑकलंड वॉर मेमोरियल म्युझियम. एका विझलेल्या ज्वालामुखीवर वसलेल्या डोमेन उद्यानात त्याची इमारत १९२९ पासून उभी आहे. येथील ‘ते तोकी-आ-तापिरी’ ही माओरी युद्धहोडी सुमारे १८३६ ची आणि पंचवीस मीटर लांब आहे. कोरीव खांबांचे ‘होतुनुई’ हे सभागृह १८७८ चे आहे. त्यात पादत्राणे काढूनच पाऊल ठेवायचे असते. वरच्या मजल्यावर दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत.

दक्षिण ऑकलंडमध्ये पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या आणि माओरींच्या कलेला २०१० मध्ये सुरू झालेल्या मांगेरे आर्ट्स सेंटरने हक्काची जागा दिली. मॅनुरेवातील नेथन होमस्टेड या जुन्या वाड्यातही कलाकेंद्र चालते.

एका दिवसात हे सारे उरकण्याचा अट्टाहास करू नये. कलादालन आणि संग्रहालय यांना प्रत्येकी अर्धा दिवस द्यावा आणि दक्षिणेकडची छोटी केंद्रे वेगळ्या दिवशी पाहावीत. मोठ्या संस्थांमध्ये स्थानिक रहिवासी आणि परदेशी पर्यटक यांच्यासाठी प्रवेशाचे नियम वेगळे असल्याने निघण्यापूर्वी शुल्क, वेळा आणि चालू प्रदर्शने पाहून घ्यावीत.