गेट कुणी बंद केलं?

आज आपण शाळेच्या नियमांवर बोलणार आहोत. हे नियम कुणी करायचे, आणि करताना पोरांना विचारायचं का, हा आजचा विषय. काहीजणी म्हणतील, पोरांना विचारून कधी शाळा चालते का? आम्हीही असंच म्हणत होतो. मग काय झालं ते आधी ऐका.

गेल्या पौषात आमच्यातल्या दोघी कांद्याच्या लागवडीला गेल्या होत्या. वाफ्यात रोपं लावणाऱ्या बायकांच्या रांगेत सातवीतली एक मुलगी बसलेली. वार मंगळवार, शाळेचा दिवस. "काय गं, शाळा नाही का आज?" असं विचारलं तर ती मान वर न करता म्हणाली, "मावशी, उशीर झाला की गेट बंद असतं. बाहेर उभं राहावं लागतं. येणारे-जाणारे बघतात. त्यापेक्षा लागवड बरी."

गेट बंद करायचा तो ठराव आमचाच होता. शाळा व्यवस्थापन समितीवर आमच्या गटातल्या चौघी आहेत. काही पोरं टपरीवर रेंगाळायची, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या चालू, म्हणून आम्हीच सुचवलं की प्रार्थना सुरू झाली की गेट लावायचं आणि उशिरा येणाऱ्याने पहिला तास संपेपर्यंत बाहेर थांबायचं. पाच मिनिटांत ठराव झाला, सह्या झाल्या, चहा पिऊन घरी आलो. टपरीवरची पोरं दुसऱ्या दिवसापासून वेळेवर येऊ लागली, हेही खरं.

पण त्या मुलीच्या वस्तीवर नळाला पाणी येतं दहाच्या सुमाराला. आई तोवर मजुरीला गेलेली असते. पाणी भरायचं, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायचं आणि मग अडीच किलोमीटर चालायचं. आठवड्यातून तीनदा तिला गेट बंदच मिळायचं. नळाला पाणी कधी येतं हे आम्हाला माहीत नव्हतं का? आमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार! पण समितीच्या खुर्चीवर बसलो की आपण जरा निराळ्या होतो, हे आपल्यात म्हणून सांगतो. आणि सातवीतली मुलगी शाळा सोडून लागवडीला बसली की पुढच्या वर्षी तिच्या घरी पाहुणे बघायला येतात, हेही आपल्याला माहीत आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडं बघू. २००९चा शिक्षण हक्क कायदा आपण ऐकलेला आहे. त्याच्या २१व्या कलमाने शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान पाऊण सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात. विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागू नाही, पण आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला आहे. समितीच्या यादीत शेवटी विद्यार्थी प्रतिनिधींचीही नावं असतात. आमच्या यादीत होती. आम्ही ती वर्षभर बघितली नव्हती, आणि त्या दोन पोरांना कधी सभेला बोलावलंही नव्हतं. तुमच्या शाळेची यादी एकदा काढून बघा.

त्याआधीचा एक करार जगभरच्या देशांचा आहे. बालहक्कांचा हा करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली केला आणि भारताने १९९२ साली तो मान्य केला. त्याच्या १२व्या कलमात म्हटलं आहे, की मुलाशी संबंध असलेल्या कुठल्याही गोष्टीत त्याला आपलं म्हणणं मांडता आलं पाहिजे, आणि त्याचं वय आणि समज बघून त्या म्हणण्याला वजन दिलं पाहिजे. शेवटचा शब्द पोरांचाच असं त्यात नाही. ऐकायचं, तोलायचं, आणि ऐकलं नाही तर का नाही ते सांगायचं, असं आम्ही समजतो.

आणि हे परदेशातून आलेलं खूळ आहे असंही कुणी समजू नका. आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला गांधीजींच्या विचाराने नई तालीमची शाळा चालायची. आशादेवी आणि आर्यनायकम हे जोडपं ती बघत असे. तिथे सूत कातणं, शेती, स्वयंपाक, सफाई हे सगळं शिक्षणातच होतं. पोरं आपल्यातूनच मंत्री निवडायची, कुणी स्वयंपाकघराचा, कुणी सफाईचा, आणि झालेल्या कामाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडायची. म्हणजे नियम करणाऱ्यालाच ते पाळून दाखवावं लागे. आपल्या वडील माणसांच्या काळातली गोष्ट आहे ही.

खरं तर आपल्याला हे समजायला सेवाग्रामलाही जायला नको. आपला गट आठवा. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आपल्याला सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण बैठक किती वाजता? आमच्या गटाला सुरुवातीला बैठकीची वेळ दुपारी तीनची दिली होती, साहेबांना सोयीची. निम्म्या जणी यायच्याच नाहीत आणि मग बेशिस्त म्हणून बोलणी खायच्या. रात्री जेवणं आटोपल्यावर बसायचं असं आम्ही आमचं ठरवलं तेव्हापासून कोरम कधी मोडला नाही. उशिरा येणारीला दहा रुपये दंड आम्हीच लावला आणि आम्हीच भरतो, कुरकुर न करता. स्वतः बायकांनी ठरवलं तर चालतं, आणि पोरांनी ठरवलं तर शाळा बिघडते, हे कसं?

तर आम्ही पोरांना विचारायचं ठरवलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "परिपाठाला सगळ्यांसमोर विचारलंत तर दोनच पोरं बोलतील, ती रोजच बोलतात." बाईंचं बरोबर होतं. म्हणून पाचवी ते आठवीच्या पोरांना कागदाचे तुकडे वाटले. नाव लिहायचं नाही. शाळेतला कुठला नियम आवडतो, कुठला आवडत नाही आणि का, एवढंच. जी लिहायला अडते तिने चित्र काढायचं.

गंमतही झाली. 'रोज खेळाचा तास', 'गणित बंद', 'खिचडीत शेंगदाणे जास्त'. ते वाचून हसलो. पण बाकीचे कागद वाचताना हसू आलं नाही. गेटबद्दल अकराजणांनी लिहिलं होतं. 'शनिवारी मुली वर्ग झाडतात आणि मुलं क्रिकेट खेळतात, हा नियम कुठे लिहिलाय?' असं एकीने विचारलं होतं. तो कुठेच लिहिलेला नव्हता, तरी वर्षानुवर्षं चालू होता. आणि एका कागदावर एकच ओळ होती, 'मी शाळेत पाणी पीत नाही.'

ही ओळ आधी आम्हाला कळलीच नाही. बाईंनी मुलींना वेगळं बसवून विचारलं तेव्हा उलगडा झाला. मुलींच्या संडासाला कुलूप, चावी ऑफिसात. मधल्या सुट्टीशिवाय मागायला गेलं की सर विचारायचे, "आत्ताच सुट्टी झाली ना?" सरांसमोर उभं राहून काय सांगायचं? त्यापेक्षा सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. पाळी आली की ते चार दिवस घरी. मैत्रिणींनो, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असणं ही त्याच कायद्याची अट आहे. आमच्या शाळेत ते होतं, फरशी बसवलेलं, पाण्याची सोय असलेलं. कुलूपबंद होतं एवढंच.

सरांची बाजूही ऐकली. कुलूप त्यांनी उगाच लावलं नव्हतं. शाळा सुटल्यावर गावातली पोरं पत्ते कुटायला मैदानात येतात आणि संडास घाण करून जातात. आम्ही मोठी माणसं यावर वाद घालत बसलो, कंपाउंड वाढवा, शिपाई नेमा, पैसे कुठून आणा. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "घाण संध्याकाळी होते ना, मग कुलूप संध्याकाळी लावायचं." तेव्हापासून सकाळी कुलूप उघडतं, शाळा सुटताना मुलीच लावतात, चावी मुलींच्या वर्गाच्या खिळ्याला असते. एक रुपयाही लागला नाही.

गेटचंही असंच झालं. पोरांनी सुचवलं की गेट नुसतं ओढून घ्यायचं, आणि उशिरा येणाऱ्याने दारातल्या वहीत नाव आणि कारण लिहून वर्गात जायचं. महिन्याने ती वही समितीत वाचली. पाणी, एसटी, पाणी, भावाला ताप, पाणी, पाणी, एसटी. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, पण गाडी काही शाळेची घंटा ऐकून निघत नाही. एसटीचं आमच्याच्याने अजून काही झालेलं नाही. अर्ज दिलाय. पाण्यासाठी मात्र आम्ही चौघी वही घेऊनच ग्रामपंचायतीत गेलो. वस्तीची पाळी सकाळी सातची करून घेतली. आता आठवड्यातले चार दिवस सातला येतं, बाकी पुन्हा दहालाच. ती मुलगी आता आठवीत आहे. वहीत तिचं नाव अजून असतं, पण आठवड्यातून एखाद्या वेळी.

इथवर ऐकून वाटेल, पोरांवर सोपवा आणि निवांत बसा. तसं अजिबात नाही.

वहीचा नियम करताना पोरांनी शिक्षाही सुचवल्या होत्या. उशीर झाला तर पाच रुपये दंड. दुसऱ्यांदा झाला तर दहा उठाबशा. वर्गात बोलणाऱ्याच्या पाठीला कागद चिकटवायचा. आम्ही बघतच राहिलो. आम्हाला वाटलं होतं पोरं सूट मागतील, ती तर आमच्यापेक्षा कडक निघाली. अर्थात कुठून शिकली असतील ते उघड आहे. तिथे आम्हाला नाही म्हणावं लागलं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींवर बंदी आहे. उठाबशा आणि पाठीवरचा कागद मग पोरांनीच बहुमताने ठरवले तरी चालायचे नाहीत. पाच रुपयेही नकोत म्हटलं, कारण ज्या घरात पाच रुपये नसतात त्याच घरातली पोरं उशिरा येतात.

याहून अवघड गोष्ट दिवाळीनंतर झाली. वीटभट्टीवरच्या कुटुंबांची पोरं दरवर्षी तेव्हा शाळेत येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जातात. गणवेश वाटून झालेले असतात, त्यामुळे त्यांच्या अंगावर घरचेच कपडे. सहावीच्या वर्गाने हात वर करून ठरवलं, गणवेश नाही त्याने खिचडीच्या पंगतीत शेवटी बसायचं. वर्गात चोवीस पोरं, भट्टीवरची तीन. बहुमत तर सरळ झालं होतं. बाईंनी तो नियम तिथल्या तिथे फळ्यावरून पुसला, आणि का पुसला तेही वर्गाला सांगितलं. मग त्या तिघांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? त्यातला एकजण म्हणाला, "हजेरीत आमचं नाव आधीपासून घ्या." ती पोरं आली की त्यांची नावं पेन्सिलने शेवटी लिहिलेली असायची, हे आम्हाला त्यानेच दाखवलं.

म्हणून आता आमच्या समितीत असं चालतं. वेळा, खेळ, झाडलोट, रांगा, वाढपी कोण, चावी कुठे, हे पोरांशी बोलूनच ठरतं. मार, अपमान, पंगतीतला भेद आणि मुलींची सुरक्षितता यांवर मतदान नाही, पोरांचंही नाही आणि आमचंही नाही. आणि पोरांनी सुचवलेलं मान्य केलं नाही तर पुढच्या सभेत त्यांच्या दोन प्रतिनिधींना कारण सांगायचं. हे शेवटचं सगळ्यात जड जातं. परवा खेळाच्या तासाबद्दल कारण सांगायचं होतं, तर एकेकजण दुसऱ्याकडे बघत बसलो, कारण आमच्याकडे खरंच कारण नव्हतं. तो तास मग वाढवावा लागला.

सासूबाई म्हणतात, "शाळेत विचारताय, उद्या घरात विचारतील." ते सुरू झालंय. आमच्यातल्या एकीच्या लेकीने भाकऱ्या थापता थापता विचारलं, "आई, दादाला रात्री दहापर्यंत फोन मिळतो, मला आठलाच ठेवायला लावता. हा नियम कुणी केला?" आई म्हणाली, उद्या सांगते. त्याला आता पंधरा दिवस झाले. येत्या शुक्रवारच्या बैठकीत ती हा प्रश्न घेऊन येणार आहे, आणि आमच्यातल्या कुणाकडेही त्याचं उत्तर तयार नाही.