दारातून दारापर्यंत गाडी ठरवताना

गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंना ऑपरेशननंतर पणजीहून रत्नागिरीला घरी आणायचं होतं. एसटीचे धक्के सोसले नसते, म्हणून आम्ही फोनवरच गाडी ठरवली. दारात उतरल्यावर ड्रायव्हरदादांनी परतीच्या किलोमीटरचेही पैसे मागितले. चूक आमचीच, विचारलंच नव्हतं. एकेरी प्रवासालाही बरेच जण परतीचं भाडं लावतात.

आता आम्ही आधीच विचारतो : टोल, परराज्याचा कर, ड्रायव्हरचा भत्ता यातच ना? गाडी अंगणापर्यंत येईल ना? ठरलेली रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतो. नंबरप्लेटही बघतो : पिवळ्यावर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्त पडते खरी, पण भाडं घेऊन जाताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.